खुर्चीवरचा स्वेटर

अनुकंपा तत्त्वावर नोकरीला लागले आणि पहिल्याच दिवशी बाबांचंच टेबल मिळालं. खुर्चीच्या पाठीवर त्यांचा तपकिरी स्वेटर अजून होता. दोन वर्षांपूर्वी तो तिथे अडकवून ते चहाला उतरले आणि टपरीवरच वारले. “तो काढू नका मॅडम,” शिपाईकाका म्हणाले. “खुर्चीवर स्वेटर असला की भाऊसाहेब ऑफिसातच आहेत, असं आम्ही धरतो. कोणी भेटायला आलं तर अजूनही सांगतो, बसा, येतीलच इतक्यात.” “मग मी कुठे बसू?” म्हणत मी स्वेटर उचलला. आत्ताच कोणीतरी अंगातून काढल्यासारखा तो उबदार होता. घाईघाईने पिशवीत कोंबला आणि खुर्चीत बसले. तेवढ्यात आईचा फोन आला. “अगं, बाबा घरी आलेत,” ती हळूच म्हणाली. “इतक्या लवकर कसे, विचारलं, तर म्हणाले, जागा भरली. येताना स्वेटर आण, त्यांचे हात गार पडलेत.”