चाकाचा ठोकळा

काकू गेल्यावर काका वर्षभर जुन्या कॅम्पर व्हॅनमागे लागले. गंज खरवडला, पत्रे बदलले, दुप्पट ताकदीचं इंजिन बसवून घेतलं. मेकॅनिक हसला, "काका, घाट एका दमात चढेल तुमची म्हातारी. चाकाला लावायचा लाकडी ठोकळा द्या भंगारात!" काकांनी तो शेजारच्या सीटवर ठेवला. चाळीस वर्षं घाटातल्या तिसऱ्या वळणावर इंजिन तापायचं आणि काकू ठोकळा घेऊन उतरायच्या. "देवा, एकदा तरी हिला न थांबता वर पोचव रे!" म्हणत कठड्यावर बसायच्या, इंजिन निवेपर्यंत दोघांच्या गप्पा रंगायच्या. आज तिसरं वळण कधी मागे पडलं, कळलंच नाही. माथ्यावर काका हरखून म्हणाले, "पोचलो गं!" शेजारी ठोकळाच होता. त्यांनी गाडी फिरवली, तिसऱ्या वळणावर चाकाला ठोकळा लावला, आणि न तापलेलं इंजिन निवायची वाट बघत कठड्यावर बसले.