नऊवारी

सुनेचा पदर डोक्यावरून बोटभर ढळलेलाही माझ्या सासूबाईंना खपत नसे. त्यांचा स्वतःचा तर मी कधी ढळलेला पाहिलाच नव्हता.

त्या दुपारी शेजारची रेणू विहिरीत पडली आणि मोटरच्या पाइपला कवटाळून रडू लागली. मोटर बसल्यापासून विहिरीवर दोर कुणी ठेवत नव्हतं. काठावर जमलेले पुरुष एकमेकांनाच दोर आणायला सांगत होते.

सासूबाईंनी अंगावरचं नऊवारी लुगडं फेडलं आणि त्याचं टोक विहिरीत सोडलं. "काखंखालनं घट्ट गाठ मार, बाय."

सगळ्या पुरुषांनी पाठ फिरवली.

"तोंडं काय फिरवताय? ओढा."

रेणू कुडकुडत वर आली. मी घरातून कोरडं लुगडं घेऊन धावत आले. सासूबाईंनी ते घेतलं आणि आधी रेणूला गुंडाळलं.