स्लाइडखालच्या नोट्स

"उद्या सकाळी आठला बाबांचं ऑपरेशन आहे, सर. चारची बस मिळाली तर आज त्यांना भेटता येईल."

साहेबांनी मान वर केली नाही. "परवा क्लायंटसमोर उभं राहायचंय. चाळीस स्लाइड्स कोण करणार?"

"बसमध्ये बसून करते."

"बसमध्ये बसून कुणी धड काम केलेलं मी आजवर पाहिलं नाही." त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसला. "तिथे भाऊ आहे ना तुझा?"

भाऊ होता. म्हणून लेकीने जायचं नाही, असं कुठे लिहिलंय? हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून ती बाहेर आली.

शेजारच्या टेबलावर पोथी बसायचा. ऑफिसातलं सगळं जुनंपुराणं त्याला पाठ, म्हणून हे नाव. "काय म्हणाला?" त्याने विचारलं.

"नाही म्हणाले."

"नाहीच म्हणणार. त्याचा रुमाल बघितलास का? कोपऱ्याला कायम गाठ. धुऊन, इस्त्री होऊन येतो, गाठ आपली तिथेच. माणुसकी बांधून ठेवलीय त्यात. सुटली तर पंचाईत व्हायची!"

एरवी ती हसली असती. आज नुसती बसली. खुर्ची कुरकुरली.

कंपनीचा धंदा सल्ला द्यायचा. या वेळी एका कारखान्याला सांगायचं होतं की कामगार खूश कसे ठेवावेत. अशा वेळी कोरं काही करायचं नाही, ही इथली रीत. जुनं प्रेझेंटेशन काढायचं, नाव बदलायचं, आकडे बदलायचे, झालं. पोथीने चौदा वर्षांपूर्वीची फाइल शोधून दिली होती.

तिसऱ्या स्लाइडवर मोठ्या अक्षरांत होतं, 'कर्मचाऱ्याला वेळेवर घरी जाऊ द्या.' स्लाइडच्या खाली बोलणाऱ्याने आपल्यापुरतं टिपून ठेवायला जागा असते. तिकडे सहसा कुणी बघत नाही. तिथे लिहिलं होतं, 'पाच दिवस झाले. घरी फक्त आंघोळीपुरता जातो.'

कुणीतरी वैतागून लिहिलं असेल, असं म्हणून ती पुढे गेली.

सातव्या स्लाइडखाली होतं, 'आज आईचा वाढदिवस. एवढी स्लाइड झाली की फोन करतो.'

बाराव्या स्लाइडखाली, 'छातीत कळ आली. साहेब म्हणाले, पाणी पी.'

सोळाव्या स्लाइडखाली, 'खुर्ची फार कुरकुरते. डावीकडे रेललं की गप्प बसते.'

ती डावीकडे रेलली. खुर्ची गप्प बसली.

ती पोथीकडे वळली. "पोथी, माझ्याआधी या खुर्चीवर कोण होतं?"

"बरेच जण. का गं?"

"चौदा वर्षांपूर्वी?"

पोथीने आवाज खाली आणला. "तुला कुणी सांगितलं? मी तेव्हा नव्हतो, पण म्हणतात की एक पोरगा मेला इथे. काम करता करता मान टाकली. म्हणून तर ही खुर्ची नव्या माणसाच्या गळ्यात मारतात."

"खरंच?"

"म्हणतात बुवा. खरं-खोटं देव जाणे."

एकविसाव्या स्लाइडखाली होतं, 'दादाचा फोन. आईला दवाखान्यात ठेवलंय. कधी येतोस, विचारतेय. म्हटलं, एकोणीस स्लाइड्स राहिल्यात.'

अठ्ठाविसाव्या स्लाइडखाली, 'आईने आज पुन्हा विचारलं.'

तिचे डोळे भरून आले. त्या मुलाच्या आईने आणखी किती वेळा विचारलं असेल? आणि इकडे हा असा खुर्चीतच गेला! घड्याळात तीन वाजून गेले होते. तिने लॅपटॉप उचलला आणि दार न वाजवता साहेबांच्या केबिनमध्ये शिरली.

"सर, हे वाचा. या मुलाला तुम्ही ओळखत होता?"

साहेबांनी वाचलं. मग मागे जाऊन पुन्हा वाचलं. "कुठे मिळालं हे?"

"जुन्या फाइलमध्ये. ओळखत होता?"

"कामाला बरा होता. सुट्ट्या घेत नसे."

"मेला ना तो, सर?"

त्यांनी रुमाल काढला, पण चष्मा पुसला नाही. "शेवटपर्यंत वाचलंस?"

"अठ्ठाविसाव्या स्लाइडपर्यंत."

"पुढे वाचू नकोस. नोट्स काढून टाकायला हव्यात. क्लायंटला दिसल्या तर नाचक्की होईल."

तिचा तोल सुटला. "एक माणूस तुमच्या डोळ्यांदेखत संपला, आणि तुम्हाला क्लायंटची पडलीय? दगड आहात का हो तुम्ही?"

बाहेर पोथीच्या कीबोर्डची टकटक थांबली. नोकरी गेली, हे तिला कळून चुकलं. गेली तर गेली.

साहेब उठले. आपला लॅपटॉप घेऊन बाहेर आले आणि तिच्या टेबलापाशी जाऊन तिच्या खुर्चीत बसले. खुर्ची कुरकुरली नाही.

"फाइल मला पाठव आणि नीघ. चारची बस आहे ना?"

"पण स्लाइड्स..."

"मी करतो. नीघ म्हणतोय ना!" ते एवढ्या मोठ्याने ओरडले की अख्खा मजला वळून बघायला लागला.

बस मिळाली, खिडकीही मिळाली. तिने बाबांना फोन लावला.

"अगं, एवढं काम टाकून कशाला यायचं?" बाबा म्हणाले. आवाजातला आनंद काही त्यांना लपवता आला नाही.

बस गावाबाहेर पडली तसा तिने लॅपटॉप उघडला. वाचू नकोस म्हटल्यावर कोण राहील वाचल्याशिवाय? ती थेट चाळिसाव्या स्लाइडवर गेली. तिथे मोठ्या अक्षरांत 'धन्यवाद' होतं. त्याखाली लिहिलं होतं,

'झालं सगळं. दादाचे सात फोन येऊन गेलेत, परत फोन करायची हिंमत होत नाही. रुमालाला गाठ मारून ठेवलीय. आईशी बोललो की सोडीन.'