थांबायची खूण

शाळेच्या मैदानावर पोरांनी रचलेल्या मनोऱ्याच्या टोकावर चढायला चिमुरडी पुढे झाली, बँड जोरात वाजत होता, आणि खालच्या रांगेत डाव्या टोकाला उभ्या असलेल्या त्याच्या लेकीनं आपला मोकळा हात बाजूला सरळ पसरला.

पालकांमध्ये बसलेल्या क्रेनवाल्याच्या हाताला ते आधी कळलं, डोक्याला मागाहून. उजवी मूठ आपोआप आवळली आणि करकचून मागे खेचली गेली.

"अहो, क्रेनचा दांडा नाही तो. माझं मनगट आहे," बायको म्हणाली.

मैदानावर शिट्टी वाजली. खेळाच्या बाईंनी कुणाला काही विचारलं नाही. वरची पोरं चढली होती तशीच एकेक करून खाली उतरली. बँड अर्ध्यातच गप्प झाला आणि पालकांमध्ये कुजबुज सुरू झाली.

खूण त्याच्या कामावरची. मागे सरावात लेक चक्कर येऊन कोसळली, तिच्यासोबत मनोराही, आणि त्या चिमुरडीच्या हनुवटीला टाके पडले. चक्कर येणार हे लेकीला आधीच कळलं होतं, पण तिनं तोंड उघडलं नव्हतं. "बोलले असते, तर सगळ्यांसमोर 'का' ते सांगावं लागलं असतं," एवढंच ती रडत रडत म्हणाली होती. मग पालकांच्या सभेत त्यानं उभं राहून सांगितलं, की क्रेन चालू असताना खालच्या कुणीही, अगदी झाडलोट करणाऱ्यानंही हात आडवा पसरला, की चालवणाऱ्यानं थांबायचं. का ते विचारायचं नाही आणि नंतर बोल लावायचा नाही. बाईंना पटलं. चष्म्याच्या दुकानवाल्यांना मात्र हसू आवरेना. "मग काय, पोरं गणिताच्या पेपरातही हात पसरतील," ते म्हणाले होते.

घरीही खूण लागू झाली, आणि मार्कांवरचं त्याचं भाषण तेव्हापासून बऱ्याचदा तोंडातल्या तोंडात राहिलं. पण घरात बापाला गप्प करणं निराळं. इथे पाहुणे, बँड, अख्खी शाळा. वेळ आली तर पोर हात पसरेल, की पुन्हा दात-ओठ खाऊन उभी राहील, हा घोर त्याला सकाळपासून लागला होता.

चष्मेवाले नेमके पुढच्याच रांगेत बसले होते. "झालं का! ऐन वेळी," ते म्हणाले. "कुणाची हो ती?"

क्रेनवाला उभा राहिला.

"माझी," तो म्हणाला. यंत्राच्या घरघरीत बोलायची सवय, त्यामुळे आवाज जरा जास्तच लागला. शेवटच्या रांगेपर्यंत माना वळल्या. "माझी लेक आहे ती."

बायकोनं सदरा ओढून त्याला खाली बसवलं. पण तीही आता ताठ बसली होती.

चष्मेवाले खुर्चीतच पूर्ण मागे वळले आणि पाठीवर कोपर टेकवून सुरू झाले. "वाईट वाटून घेऊ नका. पण आमच्या वेळी आम्ही सोसायचो हो. आजकालच्या पोरांना जरा कळ काढायला नको. माझ्या मुलाला मी रोज सांगतो, की रडायचं नाही, थांबायचं नाही."

क्रेनवाला मान डोलावत होता, पण त्याची नजर चष्मेवाल्यांच्या खांद्यावरून मैदानावर होती. बाईंनी लेकीला पाणी पाजलं, पाठीवर हात ठेवून तिला पालकांकडे धाडलं, आणि झेंडे धरून उभ्या असलेल्या मुलांतला एक उंच पोरगा तिच्या जागी बोलावला.

लेक पायऱ्या चढून आली आणि दोघांच्या मध्ये घुसून बसली. आईच्या कानात तिनं काहीतरी सांगितलं. आईनं मान हलवली आणि पिशवीतला डबा काढून तिच्या हातात दिला. क्रेनवाल्याच्या अगदी ओठावर 'का' आलं होतं. त्यानं ते गिळलं.

"विचार ना, बाबा," लेक म्हणाली.

"नियम आहे."

"मग घरी गेल्यावर मीच सांगते."

"तुला वाटेल तेव्हा." त्यानं तिच्या पाठीवर थोपटलं. "शाब्बास." क्रेनच्या केबिनमध्ये इतकी वर्षं काढली, पण आजच्याइतकं उंच बसल्यासारखं त्याला कधी वाटलं नव्हतं.

बँड पुन्हा सुरू झाला. खालची रांग उभी राहिली, दुसरी तिच्या खांद्यांवर चढली. चिमुरडी पुढे झाली. आणि डाव्या टोकाला, त्याच जागी, पुन्हा एक हात सरळ पसरला गेला.

शिट्टी वाजली. बँड थांबला.

चष्मेवाल्यांचं सोसण्यावरचं बोलणं मध्येच तुटलं. ते वळून बसले. "घ्या! आता हा कुणाचा?"

वरची पोरं खाली उतरली. तो उंच पोरगा खांदा चोळत वळला आणि पालकांच्या रांगांकडे, नेमका इकडेच, बघत उभा राहिला.

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला आणि परत घातला. त्यांचं तोंड उघडलं. त्यातून कोणता शब्द येणार, हे क्रेनवाल्याला पक्कं ठाऊक होतं. लेकीचा घास हातातच राहिला.

पण ते तोंड तसंच मिटलं. पुढच्या खुर्चीचा आधार घेत चष्मेवाले सावकाश उभे राहिले.

"माझा," ते म्हणाले. आणि कुणी विचारलं नव्हतं तरी मागच्या रांगांकडे वळून, जरा मोठ्यानं पुन्हा म्हणाले, "माझा मुलगा आहे तो."