राजवायू

शिवकन्या लोहाऱ्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. तिचा धाकटा भाऊ बजरंग दुधासाठीच्या मोठाल्या स्टीलच्या टाक्यांचं वेल्डिंग करायचा. "त्याच्या वेल्डिंगच्या सिलिंडरात कसला वायू असतो गं?" आईनं एकदा काळजीनं विचारलं, तेव्हा शिवकन्येला हसूच आलं.

"अरगॉन हाय तो, आई. राजवायू म्हणतात त्याला. जळत न्हाय, पेटत न्हाय, सहसा कुणाशी संयोगच करत न्हाय. तू बिनघोर राहा."

दिवाळीनंतर एका दुपारी कारखान्यातून फोन आला. बजरंग टाकीच्या आतून सांधा जोडताना कोसळला होता. वायूची नळी आत सुरूच राहिली, हवेहून जड असलेला अरगॉन तळापासून साचत गेला आणि श्वास घ्यायला हवाच उरली नाही. ना वास आला, ना साधा ठसका लागला. शिवकन्येला हे सगळं पुस्तकातून ठाऊक होतं. घरी सांगावं असं मात्र कधी सुचलंच नव्हतं.

संध्याकाळी धाराशिवच्या दवाखान्यात बजरंगनं डोळे उघडले. आईनं तोंडावरून हात फिरवत त्याला जवळ घेतलं.

"ताई," तो पुटपुटला, "मला खालून कुणीतरी वर ढकललं. कोण होतं गं?"

शिवकन्येनं उठून खोलीचं दार लोटून घेतलं.

बाहेर व्हरांड्यात, त्याला वर ढकलून स्वतः टाकीतच राहिलेल्या, त्याच्याच कारखान्यातल्या पिराजीची बायको ज्याला त्याला विचारत होती, "आमच्या ह्यांना कुठल्या वार्डात ठेवलंय हो?"