पाववाला काय म्हणतो

नवरा गेल्यावर इद्दतीत कुणी सिनेमा बघतं का, असं शेजारच्या वजीराखालाने दोनदा विचारलं आणि ती नाक मुरडून उठून गेली. तिच्यामागे दार लागल्यावर हिबाने टीव्ही लावला. अब्बांना जाऊन दीड महिना झाला होता, आणि इतक्या दिवसांत अम्मीने तिच्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती. मग लोक काय वाट्टेल ते म्हणोत.

अम्मी, म्हणजे सुरैया, लग्न होऊन रत्नागिरीहून मस्कतला आली, त्याच महिन्यातला हा सिनेमा. मुनीरने भाड्याने आणलेल्या कॅसेटच्या कव्हरवर हिंदी हिरो होता, आत निघाला इटालियन पाववाला. काळापांढरा, हसवणारा, प्रेमाचा. शुक्रवारी दुकान बंद, बदलून कोण देणार? मुनीर एका इटालियन कंपनीत ड्रायव्हर होता. त्याने ऐटीत सोफ्यावर बसून वाक्य न् वाक्य बायकोला मराठीत सांगितलं होतं.

तेवढं एक बोलणं सुरैयाला पुन्हा ऐकायचं होतं. पाववाला खिडकीखाली सायकल थांबवतो, तिथलं.

सायकल थांबली. सुरैया पुढे सरकली.

"हां, आता नीट वाच."

हिबा पडद्याखालच्या इंग्रजी ओळी वाचून मराठीत सांगायला लागली. मस्कतमध्येच वाढल्यामुळे तिचं मराठी आधीच अडखळत चालायचं. "ती खिडकीतली पोरगी बोलते, कालचा पाव बर्न झालेला. तो बोलतो, ओव्हनचा फॉल्ट हाय. माझा नाय."

"तसं नाय गो. तो बोलतो, माझ्यापायी आईबापाला सोडून एवढ्या लांब आलीस. मी बोलत नाय, पण मना सगळं समजतं. तू दार उघडतेस ना, तेव्हा ह्या परक्या मुलखात मना आपलं घर असल्यासारखं वाटतं."

हिबाने सिनेमा मागे नेला. पुन्हा पाव, पुन्हा भट्टी.

"अम्मी, असं कायच नाय. आणि ती कुठून लांबून येणार? दोघं एकाच गावातली हायत. समोरासमोर राहतात."

"तुझ्या अब्बांना त्यांची भाषा यायची."

"अब्बांना?" हिबा आईकडे वळली. "अब्बांना फक्त 'चाओ' यायचं, अम्मी."

पडद्यावरच्या मुलीने जळका पाव पाववाल्याच्या डोक्यात हाणला. सुरैया तिकडे बघतही नव्हती. तिचा चेहरा आधी लाल झाला, नव्या नवरीचा व्हावा तसा, आणि मग तिला जे रडू फुटलं ते मय्यतीच्या दिवशीही फुटलं नव्हतं. हिबा घाबरली. तिने आवाज बंद केला आणि आईला जवळ घेतलं.

बऱ्याच वेळाने सुरैयाने ओढणीने डोळे पुसले.

"मी तेव्हा काय बोलले ठाऊक हाय? बोलले, शिका जरा ह्या पाववाल्याकडनं. तुमच्या तोंडून असं काय जन्मात निघायचं नाय."

"मग अब्बा काय बोलले?"

"हसले," सुरैया म्हणाली. "बोलले, खरं हाय तुझं."