खडूने काढलेलं बेट

२००५ साली नेदरलँड्समधल्या रायस्वाइक गावी डच भाषेच्या वर्गात शिक्षिकेने तोंडी परीक्षेसाठी पुरुषांना ‘माझं काम’ हा विषय दिला आणि बायकांना ‘माझ्या देशातला पदार्थ’. “पुरणपोळी सांग, सोपं जाईल,” शैलजाचा नवरा म्हणाला. शैलजाने पुण्यात अकरा वर्षं भूगोल शिकवला होता. परीक्षेच्या दिवशी मात्र ती थेट फळ्यापाशी गेली आणि फळ्यावरून खडू जराही न उचलता तिने शेपटीसारख्या वाळूच्या पट्ट्यासकट अख्खं बेट काढलं. “हे हर्ड बेट,” मोडक्यातोडक्या डचमध्ये ती ठणकावून म्हणाली. “अंटार्क्टिकाच्या वाटेवर. मधोमध ज्वालामुखी, त्यावर बर्फ. माणूस एकही नाही. तरी कायदे ऑस्ट्रेलियाचे, कारभार हजारो किलोमीटरवरून, पाय ठेवायचा तर परवाना लागतो.” शिक्षिकेने यादीवर बोट ठेवलं. “पण पदार्थ कुठला?” शैलजाने हातावरची खडूची भुकटी झटकली. “तिथे स्वयंपाक कुणीच करत नाही. म्हणून तर निवडलं.”